ॲलर्जी (महाड–पोलादपूर परिसर)

ॲलर्जी म्हणजे सर्वसाधारण माणसाला निरुपद्रवी असलेल्या एखाद्या पदार्थाविरुद्ध शरीराच्या रोगप्रतिकारयंत्रणेने दिलेली अवाजवी प्रतिक्रिया होय. बोलीभाषेत तिला ‘वावडे’ असे म्हणतात. ज्या पदार्थामुळे ही प्रतिक्रिया उद्भवते त्यास ‘ॲलर्जीकारक’ म्हणतात. धूळ, बुरशी, परागकण, खाद्यपदार्थ, औषधे, वनस्पतींचा चीक आणि कीटकांचे विष हे प्रमुख ॲलर्जीकारक आहेत.

महाड व पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले तालुके आहेत. भरपूर पाऊस, दमट घरे, भातशेती, डोंगरउतारावरील जंगल आणि विंचू, साप व मधमाश्यांचा वावर यांमुळे या भागातील ॲलर्जीचे स्वरूप शहरी भागापेक्षा काहीसे वेगळे आहे. येथे दंशानंतरची अवस्था विषामुळे आली आहे की ॲलर्जीमुळे, हे ओळखणे विशेष महत्त्वाचे ठरते. कारण दोहोंवरचे उपचार भिन्न आहेत आणि चुकीचा निष्कर्ष जिवावर बेतू शकतो. लाल विंचवाच्या दंशावरील उपचारांसंबंधीचे जगभर दखल घेतले गेलेले संशोधन महाड परिसरातच झाले आहे.

## संकल्पनेचा इतिहास

‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली प्रथम वापरला. तो ‘ॲलॉस’ (निराळे) आणि ‘एर्गोन’ (कार्य) या ग्रीक शब्दांपासून बनला आहे. त्या काळी घटसर्पावर उपचार म्हणून घोड्याच्या रक्तापासून तयार केलेली प्रतिविषारी लस टोचली जात असे. अशी लस घेतलेल्या काही मुलांना काही दिवसांनी ताप, सांधेदुखी आणि अंगावर पुरळ असा त्रास होई. पिर्के व बेला शिक यांनी १९०५ साली या विकाराचे सविस्तर वर्णन करून त्यास ‘रक्तद्रवजन्य आजार’ असे नाव दिले. आजार बरा करण्यासाठी दिलेला पदार्थच शरीराला खटकू शकतो, या निरीक्षणातून ॲलर्जीची संकल्पना आकारास आली.

त्यापूर्वी १९०२ साली फ्रान्समधील शार्ल रिशे व पॉल पोर्तिए यांनी समुद्रफुलाच्या विषावरील प्रयोगांत असे पाहिले, की पहिली मात्रा सहन केलेला कुत्रा काही आठवड्यांनंतर दिलेल्या अल्पशा मात्रेनेही काही मिनिटांत दगावतो. या तीव्र प्रतिक्रियेस त्यांनी ‘ॲनाफिलॅक्सिस’ हे नाव दिले. या कार्यासाठी रिशे यांना १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ॲलर्जीस कारणीभूत असलेल्या ‘आयजीई’ या प्रतिपिंडाचा शोध १९६० च्या दशकात किमिशिगे व तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने आणि स्वतंत्रपणे स्वीडनमधील संशोधकांनी लावला.

## शरीरातील प्रक्रिया

ॲलर्जी सहसा पहिल्याच संपर्कात प्रकट होत नाही. पहिल्या किंवा सुरुवातीच्या काही संपर्कांत शरीर त्या पदार्थाविरुद्ध आयजीई प्रतिपिंडे तयार करते. ती त्वचा, नाक, श्वासनलिका व आतडी यांतील ‘मास्ट’ पेशींना चिकटून राहतात. पुढे तोच पदार्थ पुन्हा शरीरात शिरला, की या पेशी हिस्टामिन व अन्य रसायने एकदम बाहेर टाकतात. त्यामुळे केशवाहिन्या रुंदावून त्यांतील द्रव बाहेर झिरपतो, खाज सुटते, सूज येते, नाक वाहते आणि श्वासनलिका आकुंचन पावतात. वर्षानुवर्षे खाल्लेला पदार्थ किंवा अनेकदा घेतलेले औषध अचानक कसे बाधते, याचे उत्तर या प्रक्रियेत आहे.

सर्व ॲलर्जी आयजीईमुळे होत नाहीत. गाजर गवत, बिब्बा किंवा धातूंच्या स्पर्शाने होणारा त्वचादाह पांढऱ्या पेशींमुळे होतो आणि तो एक ते तीन दिवसांनी दिसू लागतो. रक्तद्रवजन्य आजार हा प्रतिपिंड व परके प्रथिन यांच्या संयुगांमुळे होतो आणि त्यास साधारणतः एक आठवडा लागतो. अशा रीतीने संपर्क व लक्षणे यांमधील अंतर हा निदानाचा महत्त्वाचा धागा असतो.

आई-वडिलांपैकी एकास किंवा दोघांस दमा, इसब वा नाकाची ॲलर्जी असल्यास मुलांत ती होण्याची शक्यता वाढते. मात्र ॲलर्जीची प्रवृत्ती वारशाने येते, विशिष्ट वावडे नव्हे. वडिलांना कोळंबी बाधत असेल तर मुलास धूळ बाधू शकते.

## परिसरातील प्रमुख कारणे

### घरातील धूळ व बुरशी

या भागात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो आणि तो मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. या काळात भिंती, कपाटे, अंथरुणे व चपलांवर बुरशी धरते. बुरशीचे बीजाणू श्वासावाटे आत गेल्याने नाकाची ॲलर्जी व दमा बळावतो. पुराचे पाणी शिरलेल्या घरांत भिंतींतील ओल दीर्घकाळ टिकते. महाड शहरात जुलै २०२१ मध्ये आलेल्या पुरासारख्या प्रसंगानंतर घरे स्वच्छ करताना गाळाबरोबर बुरशीचाही विचार करावा लागतो.

धुळीतील माइट हे डोळ्यांना न दिसणारे अष्टपाद जीव होत. माणसाच्या त्वचेचा कोंडा हे त्यांचे अन्न असून दमट हवेत ते झपाट्याने वाढतात. गाद्या, उशा आणि जुन्या कपड्यांच्या गोधड्या ही त्यांची आवडती स्थाने आहेत. त्यांच्या विष्ठेतील प्रथिने ही जगभरातील बारमाही नाकाच्या ॲलर्जीची एक प्रमुख कारणे आहेत. झुरळांचे अवशेष व पाळीव जनावरांच्या त्वचेचा कोंडा यांमुळेही ॲलर्जी होते.

### शेतीची कामे

भात हे येथील मुख्य पीक असून डोंगरउतारावर नाचणी व वरी घेतली जाते. कापणीनंतरची झोडणी, वारवणी आणि पेंढ्याच्या उडव्या रचणे या कामांत तूस, कोंडा व बुरशीचे बीजाणू हवेत उडतात. ओला राहिलेला पेंढा कुबट झाल्यास त्यातील सूक्ष्मजीवांमुळे ‘शेतकऱ्याचे फुप्फुस’ नावाचा विकार होऊ शकतो. त्यात काम केल्यानंतर चार ते आठ तासांनी ताप, कोरडा खोकला व धाप लागते. दिवसा गोठ्यात वा खळ्यावर काम केलेल्या माणसास संध्याकाळी ताप येतो आणि एक-दोन दिवसांत तो उतरतो. त्यामुळे त्याचा संबंध पेंढ्याशी जोडला जात नाही. वारंवार संपर्क झाल्यास फुप्फुसांना कायमची इजा होऊ शकते.

पावसाळ्यापूर्वी भाताच्या रोपांसाठी राब भाजताना होणारा धूर आणि चुलीचा धूर हे स्वतः ॲलर्जीकारक नाहीत. मात्र ते श्वासनलिकेस चेतवतात व आधीपासून असलेला दमा वाढवतात.

### वनस्पती

* गाजर गवत (काँग्रेस गवत) : मूळ अमेरिका खंडातील या तणाची भारतातील नोंद १९५० च्या दशकात पुणे परिसरात झाली आणि पुढे ते देशभर पसरले. रस्त्याकडेला व पडीक जमिनीवर ते आढळते. त्यातील पार्थेनिन या द्रव्यामुळे चेहरा, मान, पापण्या व हातांच्या उघड्या भागांवर चिवट इसब होतो. वाळलेल्या गवताचे कण हवेतून अंगावर बसल्यानेही तो होतो.
* बिब्बा, काजू व आंबा : ही तीनही झाडे एकाच कुळातील आहेत. बिब्ब्याचे तेल, काजूच्या टरफलातील तेल आणि आंब्याच्या देठाचा चीक यांत परस्परांशी साधर्म्य असलेली दाहक द्रव्ये असतात. एकाचे वावडे असलेल्यास दुसऱ्याचेही असू शकते. घरगुती उपाय म्हणून बिब्बा लावल्याने त्वचेवर फोड व जखमा होतात.

### अन्न

दूध, अंडी, शेंगदाणे, मासे आणि कवचधारी जलचर ही अन्नाच्या ॲलर्जीची सर्वत्र आढळणारी कारणे आहेत. कोकणच्या आहारात कोळंबी, सोडे, जवळा व खेकडे यांना विशेष स्थान आहे. या सर्वांत ट्रोपोमायोसिन हे प्रथिन असते. ते शिजवल्याने किंवा वाळवल्याने नष्ट होत नाही. त्यामुळे ताजी कोळंबी बाधणाऱ्यास सुकटही बाधू शकते. हेच प्रथिन माइट व झुरळांतही असल्याने धुळीची ॲलर्जी असलेल्या काही व्यक्तींना कोळंबी खाताच ओठ वा घशात खाज सुटते. माशांचे वावडे मात्र निराळ्या प्रथिनामुळे असते. त्यामुळे कोळंबी बाधणाऱ्याने मासे सोडलेच पाहिजेत असे नाही.

### औषधे

पेनिसिलिन गटातील व सल्फायुक्त प्रतिजैविके आणि काही वेदनाशामके ही औषधांच्या ॲलर्जीची नित्याची कारणे होत. औषधाचे नाव माहीत नसणे ही त्यातील मोठी अडचण असते. ‘लाल गोळी’ किंवा ‘तापाचे इंजेक्शन’ एवढीच आठवण असेल तर पुढील डॉक्टरास ते औषध टाळता येत नाही. म्हणून बाधलेल्या औषधाचे नाव लिहून घेऊन ती चिठ्ठी जवळ बाळगणे आवश्यक असते.

### मधमाश्या व गांधीलमाश्या

सह्याद्रीच्या कड्यांवर, उंच झाडांवर व जुन्या वास्तूंवर आग्या मोहोळे असतात. धूर, आवाज किंवा दगड यांमुळे माश्या चवताळतात. मधमाशीच्या दंशाने दोन भिन्न प्रकारचे धोके संभवतात. ज्यास विषाची ॲलर्जी आहे त्यास एकच दंश काही मिनिटांत प्राणघातक ठरू शकतो. उलट, ॲलर्जी नसलेल्या व्यक्तीसही शेकडो माश्या डसल्यास विषाच्या एकूण मात्रेमुळे स्नायू व मूत्रपिंडांवर परिणाम होतो. ही ॲलर्जी नव्हे, विषबाधा होय. दंशस्थानी येणारी मर्यादित सूज ही बहुतेकांत होणारी स्वाभाविक प्रतिक्रिया असते.

## ॲलर्जीसारख्या भासणाऱ्या अवस्था

प्रत्येक खाज किंवा सूज ही ॲलर्जी नसते. परिसरातील काही नित्याची उदाहरणे पुढीलप्रमाणे आहेत :

* खाजकुयली : शेंगेवरील केस त्वचेत रुतल्याने व त्यांतील द्रव्यामुळे खाज सुटते. ती कोणासही होते.
* अळू व सुरण : यांतील कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक घशास टोचतात. चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवल्यास हा त्रास कमी होतो.
* नीट न राखलेला बांगडा वा तत्सम मासा : बर्फाविना राहिलेल्या माशात जिवाणूंमुळे हिस्टामिन तयार होते. तो खाल्ल्यावर अंग लाल होणे, डोके दुखणे व गांधी उठणे ही लक्षणे दिसतात. एकाच ताटातील अनेकांना एकदम त्रास झाल्यास हे कारण संभवते.
* दूध न पचणे : दुधातील साखर पचवणाऱ्या विकराच्या कमतरतेने पोट फुगते व जुलाब होतात. दुधाच्या ॲलर्जीत मात्र दुधातील प्रथिनांविरुद्ध प्रतिक्रिया होते आणि ती गंभीर असू शकते.

## विंचूदंश आणि ॲलर्जी

लाल विंचू (हॉटेन्टोटा टॅम्युलस) हा कोकणात आढळणारा अत्यंत विषारी विंचू आहे. दगडांचे गडगे, सरपण व गोवऱ्यांचे ढीग, कौले आणि चपला यांत तो दडतो. त्याच्या विषामुळे चेतातंतूंमधील सोडियमचे मार्ग उघडे राहतात आणि ॲड्रेनलिनसारखी द्रव्ये रक्तात मोठ्या प्रमाणात सांडतात. परिणामी सुरुवातीस दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे व रक्तदाब वाढणे, आणि पुढे हृदय थकून फुप्फुसांत पाणी साचणे, अशा अवस्था उद्भवतात. हा सर्व परिणाम विषाचा असतो, ॲलर्जीचा नव्हे.

डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९७० च्या दशकात महाड तालुक्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना विंचूदंशाच्या रुग्णांचे बारकाईने निरीक्षण केले. हृदयावरील परिणामांच्या पूर्वलक्षणांविषयीचा त्यांचा लेख १९८२ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रक्तवाहिन्या शिथिल करणारे प्राझोसिन हे औषध या दंशात उपयोगी ठरते, हे त्यांनी व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी १९८६ साली त्याच नियतकालिकात मांडले. प्राझोसिन तोंडाने देता येते व स्वस्त आहे. त्यामुळे ते लहान आरोग्य केंद्रांतही वापरता येऊ लागले आणि मृत्यूंचे प्रमाण लक्षणीय घटले. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांना २०२२ साली पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला.

पूर्वी विंचूदंशाच्या रुग्णांस ॲलर्जीवर वापरली जाणारी हिस्टामिनविरोधी औषधे व स्टेरॉइड सर्रास दिली जात. या अवस्थेचे मूळ हिस्टामिनमध्ये नसल्याने त्यांचा विषावर उपयोग होत नाही आणि योग्य उपचारास विलंब होतो. ॲनाफिलॅक्सिसमध्ये जीव वाचवणारे ॲड्रेनलिन हेही विंचवाच्या विषावरील औषध नव्हे. कारण त्या रुग्णाचे शरीर आधीच त्याच जातीच्या द्रव्यांनी ग्रासलेले असते.

### लक्षणांतील फरक

* ॲनाफिलॅक्सिस : अंगभर खाज व गांधी, ओठ-जीभ-पापण्यांवर सूज, आवाज घोगरा होणे, श्वासात घरघर, रक्तदाब उतरणे. दंशस्थानी वेदना तुलनेने गौण असते.
* लाल विंचवाचा दंश : दंशस्थानी तीव्र वेदना किंवा काही गंभीर रुग्णांत अल्प वेदना, दरदरून घाम, उलटी, लाळ गळणे, हातपाय गार, प्रथम रक्तदाब वाढणे. गांधी उठत नाहीत.
* मण्याराचा दंश : दंश बहुधा रात्री जमिनीवर झोपलेल्या व्यक्तीस होतो व त्याची वेदना वा सूज जवळपास नसते. पोटदुखी, पापण्या जड होऊन मिटणे, गिळता न येणे व पुढे श्वास थांबणे ही लक्षणे दिसतात. गिळण्याच्या त्रासामुळे त्याची घशाच्या ॲलर्जीशी गल्लत होऊ शकते.

विंचू उतरवण्यासाठी मांत्रिकाकडे जाण्याची प्रथा ग्रामीण भागात दीर्घकाळ होती. अनेक दंश कमी विषारी विंचवांचे असल्याने किंवा विष थोडे टोचले गेल्याने रुग्ण आपोआप बरा होतो व त्याचे श्रेय मंत्रास मिळते. लाल विंचवाच्या गंभीर दंशात मात्र असा गेलेला वेळ भरून काढता येत नाही.

## प्रतिविषाची प्रतिक्रिया

सर्प व विंचू यांवरील प्रतिविष घोड्यांना विषाच्या वाढत्या मात्रा टोचून, त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे वेगळी करून तयार केले जाते. मुंबईतील हाफकिन संस्थेचा या क्षेत्रात जुना वाटा आहे. भारतातील बहुविध सर्पप्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषावर उपयोगी पडते. घोड्याचे प्रथिन मानवी शरीरास परके असल्याने पिर्के यांनी पाहिलेलीच अडचण येथेही उद्भवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार या प्रतिक्रियांचे तीन प्रकार आहेत :

# तात्काळ प्रतिक्रिया : साधारणतः १० मिनिटे ते ३ तासांत खाज, गांधी, उलटी, दम लागणे किंवा रक्तदाब उतरणे. यांपैकी बहुतेक प्रतिक्रिया आयजीईमुळे होत नाहीत. त्यामुळे पूर्वी कधीही प्रतिविष न घेतलेल्या व्यक्तीसही त्या होऊ शकतात.
# तापाची प्रतिक्रिया : १ ते २ तासांत हुडहुडी व ताप. ही औषधातील जिवाणूजन्य अशुद्धीमुळे होते.
# विलंबित प्रतिक्रिया : १ ते १२ दिवसांत, बहुधा एका आठवड्याच्या सुमारास, ताप, सांधेदुखी व पुरळ. हाच रक्तद्रवजन्य आजार होय. रुग्ण तोवर घरी परतलेला असल्याने त्यास याची कल्पना आधीच देणे आवश्यक असते.

प्रतिविषापूर्वी त्वचेत अल्प मात्रा टोचून चाचणी घेण्याची जुनी पद्धत आता शिफारशीत नाही. ती तात्काळ प्रतिक्रियेचे भाकीत करू शकत नाही आणि तीत वेळ जातो. श्रीलंकेत १,००७ रुग्णांवर झालेल्या व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सर्पप्रतिविषापूर्वी त्वचेखाली दिलेल्या ॲड्रेनलिनच्या अल्प मात्रेने गंभीर प्रतिक्रिया कमी झाल्या. प्रोमेथाझिन व हायड्रोकॉर्टिसोन यांचा तसा उपयोग दिसला नाही.

प्रतिक्रिया आली म्हणून प्रतिविष कायमचे बंद केले जात नाही. ते तात्पुरते थांबवून ॲड्रेनलिन देतात आणि प्रकृती सावरल्यावर पुन्हा सावकाश सुरू करतात. कारण विषबाधा झालेल्या रुग्णास त्याचा पर्याय नसतो. या जोखमीमुळेच विषबाधेची लक्षणे नसताना केवळ खबरदारी म्हणून प्रतिविष देत नाहीत.

विंचवाच्या प्रतिविषासंबंधी महाड येथे ७० रुग्णांवर झालेली चाचणी २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेल्या ३५ रुग्णांपैकी ३२ जण (९१.४ टक्के) १० तासांत बरे झाले, केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८ जण (२२.९ टक्के) तेवढ्या वेळात बरे झाले. विंचूदंशाच्या गंभीर रुग्णांत प्रतिविषाची तात्काळ प्रतिक्रिया कमी आढळते. रक्तात आधीच वाढलेली ॲड्रेनलिनसदृश द्रव्ये त्यांना एक प्रकारचे संरक्षण देतात, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते.

## ॲनाफिलॅक्सिसचे तातडीचे उपचार

ॲनाफिलॅक्सिसमध्ये काही मिनिटांत श्वासमार्ग बंद पडू शकतो किंवा रक्तदाब कोसळू शकतो. त्यावरील पहिले व मुख्य औषध ॲड्रेनलिन हे आहे. ते मांडीच्या बाहेरील बाजूस स्नायूत टोचतात. प्रौढांसाठी मात्रा ०.५ मिलिग्रॅम असते. मुलांना वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम या हिशेबाने देतात. सुधारणा न झाल्यास ५ ते १५ मिनिटांनी मात्रा पुन्हा देतात. हिस्टामिनविरोधी गोळी खाज कमी करते. ती श्वासमार्गाची सूज किंवा उतरलेला रक्तदाब सावरत नाही. म्हणून गोळी देऊन वाट पाहणे धोक्याचे असते.

रुग्णालयात पोहोचेपर्यंत पुढील काळजी घेतली जाते :

* रुग्णास आडवे निजवून पाय उंच ठेवावेत. धाप लागत असल्यास बसते करावे. त्यास एकदम उभे करू नये किंवा चालवू नये.
* मधमाशीची नांगी त्वचेत राहिली असल्यास ती विनाविलंब काढावी. काढण्याच्या पद्धतीपेक्षा त्वरा अधिक महत्त्वाची असते.
* राज्यात २०१४ पासून कार्यरत असलेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका सेवेस कळवावे. दुर्गम वाडीतून रुग्णवाहिकेची वाट पाहण्यापेक्षा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे मिळेल त्या वाहनाने निघणे अनेकदा श्रेयस्कर ठरते.

लक्षणे ओसरल्यावर काही तासांनी ती पुन्हा उलटू शकतात. त्यामुळे रुग्णास काही काळ देखरेखीखाली ठेवतात. स्वतः टोचून घेण्याची तयार ॲड्रेनलिन पिचकारी भारतात सहजी उपलब्ध नसल्याने आरोग्य केंद्रापर्यंतचे अंतर हा येथील निर्णायक घटक ठरतो.

## निदान

निदानाचा पाया रुग्णाची हकिकत हा असतो : काय खाल्ले वा काय डसले, किती वेळाने त्रास झाला, तो कोणत्या ऋतूत व कोणत्या कामानंतर होतो, आणि घरात आणखी कोणास आहे. या टिपणावरून चाचणी ठरवली जाते. त्वचेवर ॲलर्जीकारकाचा थेंब ठेवून टोचण्याची चाचणी व रक्तातील विशिष्ट आयजीईची मोजणी हे तात्काळ ॲलर्जीसाठी, तर पाठीवर पट्टी लावून केलेली चाचणी स्पर्शजन्य इसबासाठी वापरतात. दम्याच्या निदानास श्वासमापन उपयोगी पडते. केवळ चाचणी सकारात्मक आली म्हणजे ॲलर्जी आहे असे नव्हे. तो पदार्थ खाऊन वा हुंगून त्रास होत नसेल तर तो वर्ज्य करण्याचे कारण नसते. अनावश्यक पथ्यामुळे लहान मुलांचे पोषण बिघडू शकते.

## दीर्घकालीन व्यवस्थापन

कारण टाळणे : अंथरुणे व गोधड्या आठवड्यातून एकदा ५५ ते ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात धुणे आणि पाऊस उघडताच कडक उन्हात वाळवणे, घरात हवा खेळती ठेवणे, ओले कपडे झोपण्याच्या खोलीत न वाळवणे आणि केर काढताना ओल्या फडक्याचा वापर करणे यांमुळे माइट व बुरशी कमी होते. पेंढा पूर्ण वाळल्यावरच रचणे, झोडणीच्या वेळी नाक-तोंड झाकणे आणि गाजर गवत फुलोऱ्यापूर्वी, हातमोजे घालून उपटणे हेही उपयुक्त असते. या गवताची ॲलर्जी असलेल्याने ते काम स्वतः करू नये.

औषधे : शिंका, खाज व गांधी यांवर सेटिरिझिनसारखी हिस्टामिनविरोधी औषधे वापरतात. क्लोरफेनिरामाइनसारख्या जुन्या औषधांनी झोप येत असल्याने ती घेऊन वाहन चालवणे वा यंत्रावर काम करणे धोक्याचे असते. सततच्या नाकाच्या ॲलर्जीत स्टेरॉइडयुक्त फवारा अधिक परिणामकारक ठरतो. दम्यामध्ये श्वासावाटे घ्यावयाचे स्टेरॉइड हा उपचाराचा आधार आहे. त्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते व ते थेट श्वासनलिकेत पोहोचते. ‘पंपाची सवय लागते’ हा समज निराधार आहे. याउलट, स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा चेहऱ्यावर लावायची तीव्र मलमे सल्ल्याविना दीर्घकाळ वापरल्यास अपाय होतो.

प्रतिरोध उपचार : ज्या पदार्थाची ॲलर्जी आहे त्याच्याच अत्यल्प मात्रा वाढत्या प्रमाणात देऊन शरीरास तो सहन करावयास शिकवणे, अशी ही पद्धत आहे. लिओनार्ड नून यांनी १९११ साली परागकणांच्या ॲलर्जीवर ती प्रथम मांडली. उपचार साधारणतः तीन ते पाच वर्षे चालतो. तो तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, ॲड्रेनलिन हाताशी असलेल्या ठिकाणीच देतात.

दंशापासून संरक्षण : चपला झटकून घालणे, सरपण उचलण्यापूर्वी काठीने हलवणे, जमिनीऐवजी खाटेवर आणि मच्छरदाणी खोचून झोपणे, रात्री विजेरी वापरणे आणि मोहोळाजवळ धूर न करणे या सवयींनी दंशांचे प्रमाण कमी होते. त्याबरोबर विष व प्रतिविष या दोहोंपासून संभवणारा धोकाही टळतो.

## हे सुद्धा पहा

* दमा
* विंचू
* सर्पदंश
* प्रतिविष
* हाफकिन संस्था
* हिम्मतराव बावस्कर
* महाड तालुका
* पोलादपूर तालुका